दादाने आणून दिलेली डिस्क

४ मार्च

आला! चार वर्षं ज्याने तोंड दाखवलं नाही, तो दादा आज जिना चढून आला. लाँड्रीवरची माझी दुरुस्तीची खोली, खालून येणारी वाफ — नाक मुरडलंच त्याने. हातात रुमालात गुंडाळलेली हार्ड डिस्क. ‘वहिनीचं काम आहे यात. बघ काही निघतंय का.’

बाबांचं दुरुस्तीचं दुकान आम्हा दोघांचं होतं. यानेच एका सकाळी कुलूप बदललं आणि गिऱ्हाइकांना सांगत सुटला — ‘तिच्या हातात गेलेली वस्तू परत येत नाही.’ आता तिथे मोबाइलची कव्हरं विकतो. मी गोड हसले. ‘ठेव की.’ मनात म्हटलं, आयता सापडलास!

५ मार्च

डिस्क कानाला लावून ऐकली. टक्, टक्, मग खरखर. वाचणारं डोकं मरणाला टेकलंय. अशा डिस्कमधल्या फायली उघडत बसायचं नसतं. आधी तिची जशीच्या तशी प्रत, इमेज, उतरवायची. खराब जागा आली की उडी मारून पुढे जायचं, तिथे परत यायचं ते सगळ्यात शेवटी. तिथेच अडून बसलं तर डोकं आपटून आपटून जीव सोडतं. एका बटणाचा फरक! कुणाला कळणारही नाही.

प्रत चालू केली. नीट. अजून तरी नीट.

६ मार्च

दादाचा फोन. ‘नाही निघालं तरी चालेल गं. जिवाला लावून घेऊ नकोस.’ म्हणजे अजून तेच — मला जमणार नाही! नुसते दातओठ खाल्ले.

७ मार्च

अर्ध्याच्या पुढे गेली. झकास चाललंय. त्याचंच वाईट वाटतंय.

९ मार्च

पुन्हा फोन. ‘अजून तीच घेऊन बसलीस? बाबा म्हणायचेच, तुझ्या हाताला यश नाही.’

बाबा असं कधीच म्हणाले नाहीत. कधीच! गेलेल्या माणसाच्या तोंडी घालतो!

उडी मारायचं बटण बंद केलं. आपट म्हटलं डोकं! टक् टक् टक् टक्. समोर खुर्ची टाकून चहा घेतला. इतका गोड चहा जन्मात प्याले नव्हते.

कप रिकामा व्हायच्या आत दारात वहिनी! ‘वन्सं, नुसतं बघायला आले.’ ती कर्णबधिर मुलांना शिकवते. सहा वर्षं एकेका शब्दाची खूण मुलांकडून करवून घेऊन व्हिडिओत टिपली, तिचा खुणांचा कोश. तो दिला की दुसऱ्या शहरात मोठ्या शाळेत नोकरी, राहायला जागा. ‘दुसरी प्रत होती हो. यांनी जागा पुरत नाही म्हणून पुसली. मग ही यांच्याच हातून पडली. मी मोठ्या कंपनीत देणार होते. हेच म्हणाले, नको, तिच्याकडेच देऊ.’

मग टकटक ऐकून हळूच — ‘जिवंत आहे ना ती?’

उठून डिस्क बंद केली. रागात आंधळी झाले होते मी! सूड दादावर, आणि जीव जाणार होता हिच्या कामाचा.

१२ मार्च

उलट्या टोकाकडून वाचायला लावलीय. थोडं वाचायचं, बंद, गार होऊ द्यायची, पुन्हा थोडं. बाळाला भरवतात तसं. वहिनी रोज येऊन बघून जाते.

१५ मार्च

निघालं! ‘मावशी’ आणि ‘शाळा’ या खुणा तेवढ्या गेल्या. त्या माझ्या चहापायी गेल्या, वहिनीला तसं सांगितलंसुद्धा. ती म्हणाली, ‘परत टिपता येतील.’ प्रती तिच्या हातात दिल्या. म्हटलं, दादाला मी सांगते. त्याचा आवाज ऐकायचाय मला!

१६ मार्च

फोन केला. ‘निघालं रे वहिनीचं काम!’

पलीकडून एकदम बारीक आवाजात — ‘तू? तू कशाला काढलंस?’

वहिनीला अडवायला माझ्या रागावर केवढा भरवसा होता त्याचा!

वहिनी सोमवारी निघते. तिची मोठी बॅग मी उचलणार, दादाच्या नाकासमोरून.