इस्को, होडी कुणाची?

केसोन सिटी
२८ जून १९९८

प्रिय इस्को कुया, माझ्या थोरल्या दादा,

कसा आहेस? आम्ही सगळे मजेत. तुझं जहाज सध्या कुठल्या बंदरात आहे देव जाणे, म्हणून हे पत्र कंपनीच्या मनिलाच्या ऑफिसात देते आहे. गावाकडे लोलाचे, आपल्या आजीचे, गुडघे बरे आहेत आणि जीभ त्याहून बरी आहे. इथे शेजारच्या अलिंग बेबांगने नवा टीव्ही घेतला. तो इतका मोठा आहे की आपल्याला आपल्या खिडकीतून दिसतो, त्यामुळे आमचीही सोय झाली.

तुझं मे महिन्यातलं पत्र मिळालं. जहाजावरचा आचारी रोज सकाळी तुझ्या ताटात भात वाढताना ‘इस्को, इस्को, होडी कुणाची?’ म्हणून गातो, आणि मग सगळी पोरं टेबल बडवतात, हे वाचून मी खूप हसले. शेवटी तू लिहिलंयस, ‘हे गाणं लिहिणारा धक्क्यावर भेटू दे, त्याला पाण्यातच ढकलतो.’ तिथेही हसले. मग पत्र उशीखाली सारलं आणि तीन आठवडे उत्तर लिहिलं नाही.

इथे तर काय विचारतोस! स्वातंत्र्याची शंभर वर्षं, जिकडेतिकडे झेंडे, आणि हेनेराल, म्हणजे जनरल, अन्सेल्मोवरचा तो सिनेमा. हेनेराल नदीपलीकडच्या मळ्यात लपलेला असतो, एक नावाडी स्पॅनिश शिपायांना पलीकडे उतरवतो आणि हेनेराल पकडला जातो. की लगेच गायिका चेरी लूचा आवाज आणि तेच गाणं. सिनेमा पाहिला नाही त्यांनाही गाणं पाठ. जीपनीत तेच, केशकर्तनालयात तेच. कॅसेटच्या दुसऱ्या बाजूला नुसतं संगीत आहे, त्यामुळे ज्याला त्याला वाटतं आपणच चेरी लू.

मागच्या रविवारी लोलाचा ब्याऐंशीवा वाढदिवस. मी आदल्या दिवशीच गावी, सांता रुफिनाला गेले. शेवयांचा भला मोठा पान्सित केला. लोलाने दीर्घायुष्याच्या शेवया दोनदा घेतल्या. म्हणाली, “अजून बऱ्याच जणांना पोचवून मग जाणार आहे.” अंगणात कापितान दोदोंगने सरपंचाच्या थाटात माइक हातात घेतला, कॅसेटची दुसरी बाजू लावली आणि डोळे मिटून सुरू झाला. ‘इस्को, इस्को...’ म्हणाला आणि जीभ चावली. त्या नावाड्याचं खरं नाव इस्को होतं आणि आपण त्याचेच खापरपणतू, हे सगळ्या गावाला ठाऊक आहे रे. कॅसेट आपली वाजतेच आहे.

लोला उठली. काठी टेकत गेली आणि दोदोंगच्या हातातून माइक काढून घेतला.

“होडी कुणाची विचारतोस? आमची! आणि पूल होईपर्यंत तुम्ही सगळे तिच्यातूनच शाळेत गेलात. दोदोंग, तुझा बाप तर तिच्यातच जन्मला, नदीच्या मधोमध. तुझ्या आजीला सुईणीकडे नेत होते, पोचायची वाट पाहिली नाही त्याने. माझ्या आजोबांनी शर्ट काढून गुंडाळलं त्याला. आता गा!”

आधी दोदोंगच हसला. मग सगळं अंगण गायला लागलं, लोला मधोमध उभी राहून ‘आमची, आमची’ ओरडते आहे. कुया, तू हवा होतास.

इथेच पत्र संपवावं असं फार वाटतंय.

भांडी घासताना लोला माझ्याकडे न बघता म्हणाली, “चाल माझी आहे. वल्हं मारताना मी म्हणायची ती. तुझ्या भावाला ती कधी आली नाही, त्याला सूरच नाही. मग आणखी कोणाला माहीत होती ग, नेनिता?”

मी लिहिलंय ते गाणं, कुया. कॅसेटवर ‘आर. दालिसाय’ आहे ना, ती मी. जाहिरातींची गाणी लिहायला घेतलेलं टोपणनाव. सिनेमाच्या कथेत नुसता ‘एक नावाडी’ होता. मांग तोन्यिंगला, म्हणजे आमच्या संगीतकाराला, दुपारी चारपर्यंत गाणं हवं होतं आणि माझं काही जमेना. मग ते नाव आलं. सुचलं तेव्हा अंगावर काटा आला, आणि गाणं चालणार हेही त्याच क्षणी कळलं. विचार न करता लिहिलं असं सांगितलं तर ते खोटं होईल.

लोला म्हणाली, “आजोबांनी शिपायांना उतरवलं ते खरं. बंदूक पाठीला होती की नाही, कधी बोलले नाहीत. मरेपर्यंत त्या काठाकडे पाठ करून बसायचे. साठ वर्षं आपल्या घरात ते नाव कुणी ठेवलं नाही. तुझ्या भावाला मी ठेवलं, की एक भला इस्को या गावाने बघावा. आणि तो बघितला गावाने. तू परत त्या पहिल्या इस्कोचं दार उघडलंस.” मी रडायला लागले तर म्हणाली, “माझ्यापुढे नको. मी माझं उत्तर अंगणात दिलं. नाव त्याचं आहे, त्याला लिही. त्याचं पत्र येईपर्यंत मी तुझ्याशी बोलत नाही.” आणि खरंच बोलत नाही. परवा फोन केला तर म्हणे, “राँग नंबर.”

मला माफ कर, कुया. मला माझ्या गाण्याचा अभिमान वाटतो आणि तुझ्या ताटाशी ते कोणी गातं याची लाज वाटते. दोन्ही एकदम.

ऑगस्टमध्ये नवीन कॅसेटी निघणार आहेत. तू नको म्हणालास तर इस्कोच्या जागी ‘नावाड्या’ घालीन. चेरी लूच्या हातापाया पडून ते परत गाऊन घेईन. राहू दे म्हणालास तर एक कडवं वाढेल, नदीच्या मधोमध जन्मलेल्या पोराचं. दोन्हीपैकी काहीही झालं तरी टोपणनाव जाऊन खरं नाव येईल. मांग तोन्यिंग म्हणतो, वेडी आहेस, आता कुठे त्या दालिसायला लोक ओळखायला लागलेत.

डिसेंबरात तू उतरशील तेव्हा मी धक्क्यावर अगदी काठाला उभी असेन. ढकलायचंच असेल तर ढकल. मला पोहता येतं. फक्त नंतर हात दे.

शब्द: तुझी बहीण नेनिता.
चाल: लोलाची.
होडी: आपली.