दुसरी सीडी

७ जुलै २००३
कोल्हापूरचा इंजिनीयर ऑफिसात सर्व्हर बसवून गेला. होड्यांचे परवाने आता कॉम्प्युटरवर. सीड्या तीन. तो कोंबडी-वडे खायला गेला तेव्हा मशीनने दुसरी मागितली. वाचेना, बुरशी धरलेली. स्किप दाबलं, तिसरी घातली. आल्यावर त्याला काही बोललो नाही. 'काम पूर्ण' या कागदावर ऑपरेटर म्हणून सही माझी. माझं कंत्राट सप्टेंबरात संपतं, उगाच कशाला.

१४ जुलै
नूतनीकरणं झकास छापून येतात. साहेब खूश.
मिठबावच्या शेवंताकाकी आल्या. नवरा गेला, होडीचा परवाना स्वतःच्या नावावर हवा. "नारळी पुनवेक होडी सुटाक व्हयी, नायतर खलाशी दुसरीकडे जातले." अर्ज, मृत्यूचा दाखला, जुना परवाना. तीन कागद, चोख. नावबदल दाबलं की एरर: फाइल सापडत नाही.
म्हटलं, पुढच्या सोमवारी या.

१७ जुलै
मशीन बंद-चालू केलं. साहेबांच्या मशीनवरून पाहिलं. तेच. बाकी सगळं चालतं, नावबदल तेवढा नाही. म्हणजे तो भाग दुसऱ्या सीडीत. साबणाने धुतली, पंख्याखाली वाळवली. ढिम्म.

२१ जुलै
काकी हजर. साहेब समोरच बसलेले. तोंडातून निघून गेलं, "काकी, दिराची संमती लागेल." लागत नाही. तेवढेच आठ-दहा दिवस मिळतील म्हणून.
"तेच्याकडे जाव? बारा वर्सां बोलणा नाय आमचा."
पण गेल्या.

२२ जुलै
कोल्हापूरला फोन. "सगळं बसवलं होतं की!" म्हटलं, दुसरी सीडी हरवली, नवी पाठवा. खोटं नं. २.

५ ऑगस्ट
काकींनी संमती आणली. "अर्धी होडी तेची, असा लिवन घेतल्यान. माजो अंगठो घेतल्यान." सगळं त्याच कागदावर. एकच प्रत, दिराने थेट ऑफिसात द्यायला सांगितलेली. ड्रॉवरमध्ये ठेवली. माझा डबा न खाता तसाच घरी परत नेला. लाज वाटते.

८ ऑगस्ट
सीडी आली. सात मिनिटांत बसली. नावबदल उघडला, एरर नाही.
काकी आजही आलेल्या, बाकावर त्यांच्या शेजारी जाऊन बसलो. सांगून टाकलं. चूक माझी, दिराचा कागद लागतच नव्हता.
"म्हणजे माजे पयलेच कागद बरे होते?"
"होय."
"साहेबांका सांगलंस?"
"नाही."
मंगळवारी पुनव.
पडद्यावर शेवटचा रकाना रिकामा आहे: सोबतचे कागद किती? दिराचा धरून चार लिहिले तर अर्धी होडी त्याची. तीन लिहिले तर तो आपला कागद कुठे गेला म्हणून इथे येऊन उभा राहणार, आणि मग साहेबांना सगळं सांगणं आलं.
ऑफिस सुटायला वीस मिनिटं. काकी अजून बाकावरच आहेत.