गिरीधरवरची कालवं

३ फेब्रुवारी
चेन्नईत पोचले. पेरुंगुडीला ऑफिसपासून दहा मिनिटांवर खोली मिळाली. काम अगदी आवडीचं: बोटीमागून समुद्रतळाजवळ ओढलेल्या कॅमेऱ्याचं चित्रण पाहायचं आणि दिसेल तो बिनकण्याचा प्राणी मोजायचा. शेजारच्या टेबलावर सहाना बसते. घराणं तंजावरचं, वाक्य मराठीत सुरू करते, तमिळमध्ये संपवते. मी मालवणहून आणलेला खाजा दोघींनी दुपारीच संपवला.

५ फेब्रुवारी
पाण्याची खोली एकतीस मीटर. वाळू, मध्ये मध्ये चिखल. समुद्री काकड्या चौदा, तारामासे नऊ. डोळे दुखले, पण मजा आली.

६ फेब्रुवारी
आजच्या चित्रणात माणूस आहे. पाणबुड्याच्या पोशाखात, तळावर मांडी घालून, पाठमोरा. उजव्या खांद्यावर सात कालवं धरलेली. आमचे प्रमुख वेंकटसर यांना दाखवलं. त्यांनी चित्रण थांबवलं. मग म्हणाले, "कालवं धरतात तो कठीण पृष्ठभाग. तसं लिही." मी लिहिलं.
जेवताना सहानाने सांगितलं, की तो गिरीधर, आमच्या बोटीवरचा पाणबुड्या. गेल्या वर्षी कॅमेरा तळाशी अडकला, तो सोडवायला उतरला. वारा वाढला होता. तो खाली असतानाच सरांनी कॅमेरा वर घेतला आणि बोट वळवली. पोलिसांना सांगितलं, तो वर आला आणि त्याला लाटेने ओढून नेलं. त्या जबाबावर सहानाचीही सही आहे.
माझा भात गार झाला. तसाच खाल्ला.

११ फेब्रुवारी
नवी जागा, किनाऱ्याकडे चार किलोमीटर. खोली एकोणीस. तो इथेही आहे. तीच सात कालवं, मापून पाहिली. चेहरा अर्धा वळलेला. सहानाला म्हटलं, पोलिसांत जाऊ. ती म्हणाली, उद्या.

१४ फेब्रुवारी
सहाना तीन दिवस आली नाही. फोन बंद.
खोली अकरा. चेहरा समोर. मुखवट्याच्या काचेआड तारामासे. भीती वाटायला हवी. बोटं टाइप करतायत. कठीण पृष्ठभाग, एक.

१७ फेब्रुवारी
सहा मीटर. शेजारी आणखी कुणी बसलंय. अंगावर अजून काही धरलेलं नाही. कुर्ता सहानाचा.
कुणाला दाखवलं नाही. पृष्ठभाग, दोन.

१८ फेब्रुवारी
सरांनी मला बोटीवर आणलं. चार मीटर. पडद्यावर दोघं, माझ्याकडे बघत. सर माझ्यामागे, कठड्याशी. पोलिसांत सांगायला हवं होतं, मी मोजत बसले—
बोट चालवणारा तांडेल सरांना हाका मारतोय. मागे कुणी नाही. पाण्याचा आवाजही आला नाही.
पडद्यावर तिघं. सरांचा चष्मा अजून डोळ्यांवर.
आता जरासे सरकतायत. एकाच्या बसण्यापुरती वाळू मोकळी—
माझे पाय ओले आहेत. कधीपासून—