बटाटे खलास

जनाबिया, बहरीन
शिमग्याच्या आधीचा शुक्रवार

माझ्या हौसामावशीला पुनीचा पायावर डोकं ठेवून नमस्कार.

मावशे, रात्रभर माझा डोळ्याला डोळा लागला नाय. पोरीनं नाय जागवलं, आर्या तर ढाराढूर झोपली होती (गुणाची हाय, दृष्ट नको लागू). बटाट्यांनी जागवलं. माझे बटाटे मेले गं. तुझे गुडघे कसे हायेत? डोळ्याचं ऑपरेशन झालं का? नसंल झालं, तर जो कोणी तुला हे वाचून दाखवतोय त्याला बी माझा नमस्कार, आणि त्यानं मधली वाक्यं खाऊ नयेत. जयेशच्या कंपनीतले मंचरचे एक जण लीव्हवर निघालेत, त्यांच्या हाती हे धाडते. इकडं आम्ही खुशाल आहोत, बटाटे सोडून.

तुला ठाऊकच हाय, संपतदादा माझ्याशी बोलत नाय. पहिलं बाळंतपण माहेरात व्हायचं, त्यानं खोली सारवून बाज विणून ठेवलेली, आणि इथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, विमानात बसायचं नाय. आता मी काय पोहत येऊ? पण भाऊ रुसला तो रुसला. फोन केला की उचलतो, 'थांब, तुझ्या वहिनीला देतो' म्हणतो, आणि वहिनी चूल फुंकत म्हणते, 'बरी हायेस ना? ठेवू?' झालं माझं माहेर.

आता बटाट्याचं ऐक. मी इकडं यायला निघाले तेव्हा जयेश (माझा नवरा. इथं सगळ्याच बाया नवऱ्याला नावानं हाक मारतात, तू कान झाकून घे) दादाला फोनवर म्हणाला होता, काळजी नको, इथं कोपऱ्याकोपऱ्यावर कोल्ड स्टोअर हाय. इथं कोल्ड स्टोअर म्हंजे दूध, पाव, साबणाचं किराणा दुकान. दादाला वाटलं आपल्या मंचरसारखं बटाट्याचं कोल्ड स्टोरेज. म्हणाला, 'एवढी कोल्ड स्टोरेज? म्हंजे सगळा जुना माल. पोरीनं खायचं काय?' आणि माझ्या साड्या बाहेर काढून पिशवीत रानातले बटाटे कोंबले. त्यातले थोडे कॉटखाली गडगडले, बाळंतपणाच्या गडबडीत तिथंच राहिले, आणि त्यांना कोंब फुटले. मला टाकवेनात. जयेशनं फुटकी पाण्याची टाकी आडवी कापून दिली, मी माती भरली आणि लावले. मनात धरलं, आर्याचं उष्टावण येतंय. पहिला घास मामाच्या मांडीवर बसून खायचा असतो. मामा नाय तर नाय, मामाचा बटाटा तरी तिच्या तोंडात पडू दे, मऊ कुस्करून, तूप घालून.

झाडं काय माजली होती, मावशे! फुलं बी आली. आणि मग एकाएकी पानं पिवळी, खोडं मऊ, सगळी टाकीच्या काठावर अशी आडवी पडली, जशी वरातीतून आलेली बापई माणसं. तू म्हणशील, बटाट्याच्या गावची पोर आणि तुला बटाटा कळत नाय? नाय कळत! बटाट्याची आणि माझी ओळख तो मातीतून वर आल्यावर. काढायचा कधी ते दादा ठरवायचा. मी भाकऱ्या घेऊन जायचे तेव्हा तो एक बटाटा उकरून त्यावर अंगठा घासायचा आणि नकाराची मान हलवायचा. पुढं कधीतरी होकाराची हलवायचा, की काढणी सुरू. मी अंगठा बघितला, मान बघितली, अंगठ्याला काय कळतं ते विचारायचंच राहिलं.

मग मी पाणी वाढवलं. झाडं आणखी झोपली. उन्हानं होत असंल म्हणून वर माझी साडी ताणून बांधली. आर्याला जुलाब झाले होते तेव्हाची ओआरएसची पुडी उरली होती, ती पाजली (हसू नको, पोरीला गुण आला होता). जयेशच्या कामाच्या बुटांच्या नाड्या काढून खोडं काठीला बांधली. तो बिचारा सुतळी बांधून शिफ्टला गेला आणि त्याचा सुपरवायझर म्हणाला, 'जयेश, घर में सब ठीक?' शेवटी मीठमिरच्या घेऊन टाकीची दृष्ट काढली आणि मिरच्या आत तव्यावर जाळल्या. असा ठसका उठला की छताचा धुराचा अलार्म बोंबलायला लागला, आर्या बोंबलायला लागली, मी दोघांना 'गप गप' म्हणत पळतेय.

आम्ही सुहाच्या घराच्या मागच्या खोलीत राहतो. सुहा म्हंजे आमची घरमालकीण, इथलीच, मोठ्या मनाची. ती आग विझवायचा लाल सिलेंडर घेऊन धावत आली. आग नाय बघून टाकीपाशी थांबली, माझ्या झाडांवर बोट दाखवलं आणि हसून म्हणाली, 'खलास! खलास!' मावशे, कोणाच्या दारात मयत झाल्यावर कोण हसतं का? तेवढ्यावर बी थांबली नाय. कडेवरच्या आर्याचा गाल ओढला, तिच्या दुधाच्या बाटलीकडं बघितलं आणि परत, 'खलास?' मी दार लावलं आणि पोरीच्या नाकाशी बोट धरून बसले, श्वास चालतोय का बघत. जयेश म्हणतो, 'पुने, बटाटे गेले म्हंजे पोरगी जाती का? झोप.' आणि घोरायला लागला. बाप्यांचं बरं असतं. मला इथं सांगणारं कोण हाय? पोर शिंकली तरी मी घाबरते, हसली नाय तरी घाबरते, लई हसली तरी घाबरते.

तर काम एवढंच. दादाला सहज विचार, माझं नाव न घेता, की बटाटा काढायला झाला हे ओळखायचं कसं, आणि वरचा पाला मेला तर खाली काय जितं राहतं का. (तू जन्मभर बटाट्यात काढलास, त्याला संशय येईल. मग म्हण, म्हातारपणी विसरले.)

तुझी,
पुनी

ता. क. पाकीट बंद करणार तेवढ्यात सुहा परत आली. आता हातात फावडं आणि बादली. 'यल्ला, यल्ला!' म्हंजे चल, चल. मी हात पसरून टाकीच्या आडवी उभी राहिले आणि नुसरतभाभीला फोन लावला (आपल्या महाडच्या, इथं हूऱ्याला राहतात, अरबी येतं). स्पीकरवर दोघी बोलल्या आणि भाभी इतकी हसली की मला वाटलं तिला ठसका लागला. म्हणाली, 'अगं येडे! आपल्याकडं खलास म्हंजे मेला. इथं खलास म्हंजे झालं, काम उरकलं! ती म्हणते झाडाचं काम झालं, आता काढ. आणि पोरीनं दूध संपवलं का, एवढंच विचारत होती!' पाला मरतो तेव्हाच बटाटा तयार होतो म्हणे. मी मेल्याला ओआरएस पाजत होते. त्या पाण्यानं थोडे नासले, बाकीचे मुठीएवढे निघाले. एकावर अंगठा घासला. साल हलली नाय, घट्ट. तेव्हा अंगठ्याला काय कळतं ते कळलं, आणि माझी मान आपोआप दादासारखी हलली. मग मी रडले. सुहाला वाटलं बटाटे कमी निघाले म्हणून रडते, तिनं आतून तिचे आणून दिले.

ता. क. म्हंजे आता दादाला काय बी विचारू नको. कळलं मला.

ता. क. मावशे, बटाटे निघाले आणि आता दादाला विचारायला माझ्याकडं काय बी उरलं नाय. नुसरतभाभीकडून सुहाला तर मी आधीच विचारू शकले असते. मला त्याच्या तोंडून ऐकायचं होतं गं. मामाची मांडी मोबाईलवर चालती का? मी चमचा धरीन, त्यानं तिकडून नुसतं 'आ कर' म्हणावं.

ता. क. हे वाचणाऱ्यासाठी. मावशीला ऐकवू नका, ती आळीभर करील. दादाला तुम्हीच फोन लावा. उष्टावणाचं बोलू नका, मी रडले ते तर बिलकूल नको, तो लगेच वहिनीला फोन देईल. एवढंच म्हणा, 'संपत, पुनीचं पत्र आलंय, तिकडं सगळं खलास झालंय', आणि पटकन ठेवून द्या. तो घाबरून माझा नंबर फिरवील. खलासचा अर्थ त्याला मी सांगीन. तुम्ही फक्त फोन लावा.