पथकाची पन्नाशी आणि माझं मुख्य भाषण

३ मार्च, संध्याकाळ

आज टाचणीचा फोन. टाचणी म्हणजे आमच्या मुलींच्या अग्रणी पथकातली सगळ्यात बारीक मुलगी. आता ती पथकाची प्रमुख आहे आणि बारीक नाही. पथकाला या महिन्यात पन्नास वर्षं होतात. मोठा कार्यक्रम, टेकडीवर, जिथे आमची शिबिरं व्हायची तिथेच. ज्यांनी पथक काढलं त्या मोठ्या बाई स्वतः येणार. वय चौऱ्याऐंशी. टाचणी म्हणाली, तू आली नाहीस तर कार्यक्रमाला अर्थच नाही.

म्हणजे प्रमुख पाहुणी.

नवऱ्याने विचारलं, तसं म्हणाली का ती? शब्द वापरला नाही, पण सूर तोच होता. नवऱ्याचं औषधांचं दुकान आहे. त्याला चिठ्ठीवर लिहून दिलेलंच समजतं.

संकल्प: उद्यापासून पाचला उठणे. अर्ध्या तासाचं भाषण लिहिणे. नम्र राहणे.

४ मार्च

साडेआठला उठले. विचार मुरायला झोप लागते.

५ मार्च, रात्री जेवणानंतर

भाषणाचा मुख्य प्रसंग लिहून झाला. अंगावर काटा आला. माझ्याच.

मी तेरा वर्षांची. टेकडीवर शिबिर. धुकं असं की स्वतःचा हात दिसेना. परतताना पथकातल्या झाडून सगळ्या मुली वाट चुकल्या. योग्य वाटेवर एकटी मी राहिले. चांगले चार तास. बाकीच्या सगळ्या नंतर एकाच ठिकाणी सापडल्या, तंबूत, सूप पिताना. चुकायचं तर सगळ्यांनी मिळून, अशी त्यांची एकी. मोठ्या बाई तेव्हा मला काय म्हणाल्या ते आठवत नाही, पण डोळ्यांत पाणी होतं. कोणाच्या ते धुक्यात नीट कळलं नाही.

लेकीला वाचून दाखवलं. ती कॉलेजात तर्कशास्त्र शिकते. म्हणाली, आई, पुन्हा एकदा वाच, आणि हरवलं कोण ते सांग. मी म्हटलं, वाट बहुमताने ठरत नसते. वाक्य छान जमलं. भाषणात घातलं.

८ मार्च

ट्रंकेतून जुना गणवेश काढला. वापरला नाही की कापड आटतं, हे कुणी सांगत नाही. एक हात गेला. दुसरा जाईना आणि पहिला निघेना. नवरा दुकानातून कात्री घेऊन आला. दुकान अर्धा तास बंद ठेवावं लागलं, हे त्याने तीन वेळा ऐकवलं.

गणवेशाचा रुमाल करता येईल.

१० मार्च

टेकडी चढायची तर स्टॅमिना हवा. ऑफिसला चालत निघाले. पहिल्याच चौकात बस दिसली. बसचा ड्रायव्हर बिचारा माझ्याकडे बघत थांबला होता. माणसाचं मन मोडू नये.

येताना चालत येणार होते, पण जाताना न चालल्यामुळे सराव नव्हता.

१२ मार्च, रविवार

पथकाच्या खोलीवर मीटिंग. मी बारा सूचना नेल्या होत्या. अध्यक्षस्थानी टाचणी नाही, चौदा वर्षांची एक मुलगी! गळ्यात शिट्टी. कुणी विषय सोडून बोललं की वाजवते. हिला मी मनात शिट्टीच म्हणायचं ठरवलं. मग कळलं की सगळे तिला तेच म्हणतात.

प्रत्येकाला दोन मिनिटं. माझी दोन मिनिटं प्रस्तावनेत गेली. शिट्टी वाजली. मी बोलत राहिले. मोठ्याने वाजली. टाचणी माझ्या कानात म्हणाली, बस गं, मला पण बसवतात.

भिंतीवर पथकाचं घोषवाक्य रंगवलंय: पुढे राहा, मागे वळून पाहा. आमच्या वेळी (त्या धुक्याच्या शिबिरानंतर मी पथकात गेले नाही) फक्त ‘पुढे राहा’ होतं. मी आयुष्यभर तेच पाळत आले, बँकेच्या रांगेतसुद्धा. पुढचं शेपूट कुणीतरी नंतर जोडलंय. तसं मी बोलून दाखवलं. कुणी मनावर घेतलं नाही.

पण चहाच्या वेळी! तीन छोट्या मुली माझ्याभोवती. एकीने विचारलं, त्या तुम्हीच का, खऱ्याखुऱ्या? दुसरीला सही हवी होती. तिसरी तिला कोपराने ढोसत कुजबुजली, कोंबडी, कोंबडी. कार्यक्रमाला जेवण जोरदार दिसतंय.

सही हातावर दिली. कीर्ती अशी आपल्या नकळत पसरते.

१५ मार्च, दुपारी, ऑफिस

भाषणात गाठींचं प्रात्यक्षिक ठेवलं तर लोक जागे राहतील. आमच्या विभागात (ग्राहकांच्या तक्रारी) सराव केला. साहेब म्हणाले, माझ्या हातावर दाखवा. एक हात टेबलाच्या पायाला बांधला. अग्रणींची खास गाठ. ओढली की घट्ट, दुसरं टोक ओढलं की क्षणात मोकळी.

दुसरं टोक सापडेना.

मोठ्या साहेबांचा फोन खोलीच्या त्या टोकाला वाजत होता. साहेब टेबलासकट गेले. मानलं पाहिजे.

संध्याकाळी साहेबांनी लेखी तक्रार केली. तक्रारी माझ्याकडेच येतात. विचाराधीन ठेवली आहे.

१८ मार्च

आज जे झालं ते लिहू की नको, ठरत नव्हतं.

शिट्टी घरी आली. सोबत एक पिशवी. टाचणीताईंनी माप घ्यायला सांगितलंय, म्हणाली. मला वाटलं शाल असेल. पिशवीतून निघाली लाल लोकरीची टोपी. वर तुरा.

मी म्हटलं, हे काय? ती म्हणाली, काकू, तुमचा तुरा. (ताई म्हणायला हवं होतं. तरी सोडून दिलं.) मग तिने इतक्या सरळपणे सगळं सांगितलं की मध्ये कुठे रागवावं ते कळेना. म्हणे अडतीस वर्षांपूर्वी पथकातली एक मुलगी टेकडीवर हरवली होती. तिला कोंबडी म्हणायचे, कारण ती पिशवी टोचत टोचत सगळ्यांचा खाऊ खायची. तेव्हापासून दर वर्षी कोंबडी-शोध होतो. एक जण तुरा घालून लपते, मुली माग काढत तिला शोधतात. त्यातून शिकलेल्या मुलींनी खरोखरची माणसं शोधून काढलीत, एक आजोबा, दोन गिर्यारोहक, आणि शेजारच्या वस्तीतल्या शेळ्या तर किती तरी. आणि या वर्षी पन्नाशी, म्हणून मूळ कोंबडी येणार! छोट्या मुलींना झोप नाही म्हणे.

नवरा आतून बाहेर आला. त्याने एकच प्रश्न विचारला, कोंबडी म्हणजे तू?

तिला चहा दिला. टोपीचं माप बरोबर आलं.

१९ मार्च

जाणार नाही. टाचणीला फोन करून ठणकावून सांगणार. हरवले मी नव्हते, त्या हरवल्या होत्या.

फोन केला. टाचणी म्हणाली, अगं, मोठ्या बाईंना आता माणसं ओळखू येत नाहीत फारशी, पण तुझं विचारतात. ती सापडली का, असं विचारतात.

ठणकावलं नाही.

२० मार्च

शांतपणे विचार केला. एवढी मोठी संस्था. तिचा मुख्य उपक्रम माझ्या नावाने. मोठ्या बाईंच्या नावाने काय आहे? पाण्याची टाकी.

लेक म्हणाली, तुझ्या नावाने नाही आई, कोंबडीच्या. बारकाव्यांत शिरण्याची तिची सवय तिच्या वडिलांवर गेली आहे.

नवा संकल्प: अशी लपणार की कुणालाही सापडणार नाही. पाच वाजता सगळ्या हात टेकतील, तेव्हा मी स्वतः झाडीतून प्रकट होणार, आणि तिथेच भाषण. भाषण सोबत न्यायचं. पूर्ण.

२६ मार्च, रात्री, अंथरुणातून

आज कार्यक्रम झाला.

ऊन स्वच्छ. धुक्याचा पत्ता नाही. मोठ्या बाईंना मंडपात खुर्चीवर बसवलं होतं. हातात काठी, केस कापसासारखे. मी तुरा घालून समोर उभी राहिले. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि शेजारणीला विचारलं, ही कोण?

मी दहाला लपायला निघाले. पहिली जागा झुडपामागे. फार सोपी वाटली. दुसरी मोठ्या दगडाआड. तिथे मुंग्या. तिसरी ओढ्यापलीकडे. चौथी अप्रतिम होती, पण ती तिसरीच असल्याचं नंतर लक्षात आलं. मग ओढा दिसेना. मग मंडपाचा आवाज ऐकू येईना. मी हरवले नव्हते. टेकडीची रचना बदलली आहे.

तासाभराने एका सपाट जागी बसले. पिशवीत उकडलेलं अंडं होतं. डोक्यावर तुरा आणि हातात अंडं, हे कसं दिसतं ते कळत होतं, पण भूक लागली होती. डोळ्यांत थोडा कचराही गेला होता. दोन्ही डोळ्यांत.

तेवढ्यात मागून काठीचा आवाज. मोठ्या बाई. एकट्या!

म्हणाल्या, काय गं, पुन्हा?

मी अंडं पाठीमागे लपवलं. त्या शेजारी बसल्या, अर्धं अंडं मागून घेतलं. मी विचारलं, तुम्हाला कसं कळलं मी इथे आहे? म्हणाल्या, तू घाबरलीस की उताराने जातेस, आणि रडायला सपाट जागा शोधतेस. तेव्हाही इथेच बसली होतीस. मी म्हटलं, मी रडत नव्हते. त्या म्हणाल्या, बरं.

त्यांचं अर्धं संपवून त्यांनी हात पुसले. मग म्हणाल्या, तेव्हा मी तुला खूप रागावले ना? मी पुढे होते. सबंध वाट मी एकदाही मागे वळून पाहिलं नाही. चूक माझी आणि ओरडा तुला. त्या आठवड्यात भिंतीवर उरलेलं वाक्य रंगवून घेतलं.

म्हणजे अर्धं घोषवाक्य माझं! हे मला त्याच वेळी मोठ्याने म्हणायचं होतं. त्याऐवजी ठसका लागला. अंड्यामुळे असेल. उकडलेलं अंडं पाण्याशिवाय खाऊ नये.

बाई म्हणाल्या, चल, मुली वाट बघत असतील. मी म्हटलं, चला, कुठून आलात तुम्ही? त्यांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं आणि म्हणाल्या, तुझ्यापर्यंत यायचं तेवढं आठवतं. परत जायचं नाही आठवत.

आता आली का पंचाईत. हरवलेली एक होती, त्या दोन झाल्या. बाई म्हणाल्या, अशा वेळी जागा सोडायची नाही, आवाज करायचा. मी म्हटलं, काय आवाज करू? त्या म्हणाल्या, जे येत असेल ते.

मी पिशवीतून भाषण काढलं.

उभं राहून, दोन्ही हात पसरून, पहिल्या पानापासून. आदरणीय व्यासपीठ वगैरे सगळं. श्रोत्या एक. दुसऱ्या पानावर त्यांना डुलकी लागली. माझा रुमाल (गणवेशाचा) त्यांच्या डोक्यावर टाकला, ऊन होतं. वाचत राहिले. धुक्याच्या प्रसंगाला आले तेव्हा एक गोष्ट प्रथमच लक्षात आली, की एकटीने चार तास योग्य वाटेवर राहायचं काही कारण नव्हतं. तिथे थोडं अडखळले. मग तो परिच्छेद गाळला. आवाज कमी होऊ दिला नाही.

आभारप्रदर्शन सुरू केलं आणि झाडीतून शिट्टी ऐकू आली. आयुष्यात कुठली शिट्टी इतकी गोड वाटली नव्हती. मागे सगळं पथक. टाचणी रडत होती. तिला वाटलं बाई गेल्याच कुठेतरी. बाई उठल्या, माझ्याकडे काठी दाखवून म्हणाल्या, सापडली ही. टाळ्या! त्या कुणासाठी होत्या त्यावर मी वाद घालत नाही.

परतताना शिट्टी मला म्हणाली, काकू, तुमच्या भाषणाचा फार उपयोग झाला, अर्ध्या टेकडीवर ऐकू येत होतं. एक छोटी म्हणाली, मला वाटलं कुणाला तरी चावलंय काही.

मंडपात पोचलो तर भाषणांची वेळ संपली होती. जेवणात कोंबडी नव्हती. बटाटे होते.

२८ मार्च

पाय सुजले. ऑफिसला रजा. साहेबांनी फोन करून चौकशी केली. मनाने चांगला माणूस. त्यांची तक्रार निकाली काढली. ग्राहकाचे समाधान झाले, असा शेरा मारला.

दुपारी टाचणीच्या गाडीतून मोठ्या बाईंकडे जाऊन आले. त्यांनी विचारलं, ही कोण? मग खाऊचा डबा स्वतःच्या मांडीवर ओढून घेतला.

३१ मार्च

शिट्टीचा फोन. कार्यक्रमाची आढावा मीटिंग झाली. माझ्याबद्दल स्वतंत्र चर्चा झाली म्हणे, चांगली लांब. शेवटी एकमताने ठरलं की मी दर शनिवारी सकाळी पथकात यावं.

मला अपेक्षित होतंच. सल्लागार. मानाचं पद, जबाबदारी मोठी. मी विचारलं, कुठला गट देताय? ती म्हणाली, चिमणी गट, सहा ते आठ वर्षं. मूलभूत दिशाज्ञान. मी म्हटलं, शिकवीन की, आनंदाने. ती म्हणाली, काकू, शिकवायला मी आहे.

विचार करून कळवते म्हटलं. पाच मिनिटांनी कळवलं.

शनिवारी नऊ वाजता. पहिला धडा डावं-उजवं. पाण्याची बाटली आणायची. पालकाची सही लागते.

नवऱ्याने केली.