पांढऱ्या मातीचा बांध

मु. डोहेगाव, गंगाथडी
मार्गशीर्ष शुद्ध ७, शके १८५४

चि. मच्छिंद्र यास थोरल्या भावाचे पोटभर आशीर्वाद.

इकडे सारे खुशाल असे लिहायची रीत आहे, पण तसे लिहायला माझा हात धजत नाही. भादव्यात गंगा नदीला तुफान पूर आला, त्याला तीन महिने होत आले तरी गाव अजून कुडाच्या खोपटांत पडून आहे. जुन्या गावठाणात पाऊल टाकवत नाही. पडक्या भिंती, त्यांखाली कुजलेली ज्वारी, आणि चावडीमागच्या विहिरीत फुगून वर आलेली म्हैस. ती कोणी काढायची यावर इतके दिवस वाद चालला की शेवटी काढण्यासारखे काही उरलेच नाही. मला तर आता माणसांचीच शिसारी येऊ लागली आहे.

तहसिलीतून नव्या वस्तीसाठी वरचा माळ मंजूर झाला. तिथवर गंगा सात जन्मांत चढायची नाही. पण काकासाहेब पाटील म्हणून राह्यले की माळावर पाणी लई लांब पडतंय, बायांनी घागरी कुठून आणाव्यात. बायांचा एवढा कळवळा त्यांना आजच आला. खरी गोष्ट अशी की माळावर रायभान धनगराची मेंढरे बसतात आणि धनगराच्या शेजारी घर बांधणे मोठ्या लोकांना कमीपणाचे वाटते. पुंजारामचे दुखणे आणखी वेगळे. जुन्या गावात त्याचा दरवाजा मारुतीच्या उजव्या हाताला होता, तसाच तो नव्या गावातही बराबर पाहिजे, न्हाई तर मी खोपटातच मरंन, असे त्याने भर पंचायतीत सांगितले. मरशील तर मर, असे माझ्या अगदी ओठावर आले होते.

अखेर माळ आणि गंगा यांच्या मधोमध, उतारावर गाव बसवायचे ठरले. म्हणजे खालची आळी पुन्हा पाण्याच्या तोंडी. पुरात गंगेचे पाणी ओढ्यातून उलटे चढते, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. चिठ्ठ्या टाकल्या, आणि खालच्या आळीतली शेवटची जागा माझ्या वाट्याला आली. मग मी आरडाओरडा केला तेव्हा कुठे ओढ्याकडून बांध घालायचे कबूल झाले. जुन्या घरांच्या पडलेल्या भिंतींची पांढरी माती त्याला वापरायची आहे. ती घट्ट बसते.

हे तिकडे तुझ्याकडे राहिलेल्या वहिनीला सांग. आपली लेक ठकी जिथे भिंतीखाली गेली त्या गावात ती येणार नाही म्हणाली, ते मला मान्य आहे. पण हे गाव दुसरे आहे, इथे बांध असणार आहे. पोराला घेऊन ती कधी येईल तेवढे विचारून कळव.

मस्तगडात राहून भावाला विसरू नये, एवढेच.

तुझा
कारभारी

मस्तगड, जालना
पौष वद्य २, शके १८५४

तीर्थरूप दादांच्या चरणी मच्छिंद्रचा साष्टांग नमस्कार.

तुमचे पत्र पोचले. मी ते मोठ्याने वाचायला घेतले, पण पुंजारामच्या मरणापर्यंत आलो तशी इंद्रायणीने मला थांबवले. पोरांच्या देखत असले काही वाचू नका म्हणाली. दादा, तुम्ही लहानपणी ताकात मीठ जास्त पडले तरी तीन दिवस घरात बोलत नव्हता. आता तर अख्खे गाव खारट झाले आहे, तेव्हा तुमची तब्येत सांभाळा.

वहिनींना सगळे सांगितले. त्यांनी ऐकून घेतले. आमच्या घरावर पत्रा आहे, त्यावर परवा अवकाळी सर वाजली तर वहिनी पोराला कुशीत घेऊन बाजेवर पाय वर करून बसल्या होत्या. जमीन कोरडी होती, पण इंद्रायणीने कितीही म्हटले तरी खाली उतरल्या नाहीत. त्यांचे म्हणणे एवढेच की बांध घालतो म्हणणारे पुष्कळ असतात. तो उभा राहिला की मी स्वतः त्याच्यावरून चालून बघीन, आणि मगच पोराला त्या गावात आणीन.

तुम्ही बांध उभा करा. आमच्या कापसाच्या जिनिंगातले जुने दोर आणि सुतळी गाडीवानाबरोबर पाठवतो आहे, बांधकामाला होतील. मायेची ऊब कमी करू नये.

तुमचा धाकटा
मच्छिंद्र

मु. डोहेगाव
फाल्गुन शुद्ध ११, शके १८५४

चि. मच्छिंद्रास आशीर्वाद, सौ. इंद्रायणीस आणि पोरांनाही.

दोर पोचले. त्यांतले निम्मे पुंजारामने मोजून बघतो म्हणून नेले, तो अजून मोजतोच आहे.

पण बांध झाला. खोटे वाटेल, मलाही वाटते. घरटी माणूस राबले. जुन्या गावठाणातली झाडून सारी पांढरी गाड्यांनी वाहिली, मूठभरसुद्धा मागे ठेवली नाही. एक एक थर टाकायचा, पाणी शिंपडायचे आणि त्यावरून रायभानची सगळी मेंढरे सकाळ-संध्याकाळ फिरवायची. त्या खुरांनी माती अशी दाबली गेली की आता पहार मारली तर टणकन वाजते. ज्यांना धनगराचा शेजार नको होता ते आता त्याच्या मेंढरांची तारीफ करतात. यांना लाज म्हणून नाही. बांध माझ्या डोक्याच्या वर हातभर उंच झाला आहे.

घरांची जोती छातीएवढी दगडी घेतली. गल्ल्या सरळ उताराने काढल्या, म्हणजे पावसाचे पाणी कुठे तुंबायचे नाही. आपले दोन खणांचे, मातीच्या सपाट छताचे माळवद उभे आहे. आता तुझ्या वहिनीला म्हणावे, ये आणि चालून बघ. भांडण करण्याइतकी तरी आठवण ठेव.

कारभारी

मस्तगड, जालना
वैशाख शुद्ध १२, शके १८५५

तीर्थरूप दादांना सर्वांचा नमस्कार.

पेढे वाटायचे पत्र आहे. वहिनी येतो म्हणाल्या. ज्येष्ठात, मृगाच्या आधी, पोराला घेऊन. इंद्रायणीच्या जुन्या लुगड्यांची त्यांनी वाकळ शिवली आहे आणि शिवताना परवा चक्क गुणगुणत होत्या. गाडी ठरवली आहे. घर झाडून ठेवा, आणि चेहराही.

आमच्यावरचा राग गावावरच्या रागापेक्षा कमी असू द्यावा.

मच्छिंद्र

मु. डोहेगाव
ज्येष्ठ शुद्ध ६, शके १८५५

मच्छिंद्र, आशीर्वाद.

वहिनीला पाठवू नकोस. गाडी ठरली असेल तर मोड.

बियाण्यासाठी मी कुंभार पिंपळगावच्या बाजाराला गेल्तो. तिथून पुढे मामांकडे दोन-चार दिवस राहिलो. परत येतो तर बांध कमरेइतका! मला वाटले मी दुसऱ्याच गावात आलो. दरवर्षी मृगाआधी माळवदावर नवी पांढरी माती टाकायची, ही आपल्याकडची रीत तुला ठाऊक आहे. काळ्या मातीला भेगा पडतात आणि घर गळते. गावठाणातली पांढरी सारी बांधात गेली, मग माळवदावर काय टाकायचे? तर बांध! जो तो टोपली घेऊन आला. दोनच टोपल्या नेल्या, असे घरोघर ऐकून आलो. पुंजारामने गाड्या लावल्या आणि तोही दोनच टोपल्या म्हणतो.

मी काकासाहेबांकडे गेलो. ते पान खात होते. म्हणाले की माती काय परक्याची हाय का, आपल्याच बापजाद्यांच्या भिंतीची हाय, तिला चोरी म्हणत न्हाईत. आणि पूर काय दरसाल येतो का? पिंक टाकून तेच मला विचारतात. मला तिथे उभे राहवेना. ही माणसे पाण्यातून वाचली ती कशासाठी, हा मला प्रश्न पडला आहे.

सगळ्यांत वाईट पुढेच आहे. घरी आलो तर आपल्या माळवदावरही हातभर पांढरी, छान चोपून बसवलेली. तुझी वहिनी येणार, घरी कोणी बाईमाणूस नाही, म्हणून शेजारणींनी मायेने टाकून दिली. पुंजारामची बायको नंदाबाई तर हसून म्हणाली की तुमच्या दुर्गाबाईला पयल्या पावसाला गळकं घर नको. यावर मी कोणाला शिव्या देऊ?

तिला काहीही सांग. मी आजारी आहे म्हण. पण पाठवू नकोस.

कारभारी

मस्तगड, जालना
ज्येष्ठ शुद्ध १२, शके १८५५

तीर्थरूप दादांना नमस्कार.

पत्र पोचले तेव्हा वहिनी समोरच बसल्या होत्या. तुम्ही आजारी आहात असे मी सांगितले, पण मला खोटे कधी जमले आहे? त्यांनी सगळे वाचून घेतले माझ्याकडून, शब्दन् शब्द. आज पहाटे पोराला इंद्रायणीच्या स्वाधीन केले आणि एकट्याच गाडीत बसल्या. मी आडवा जाऊन पाहिले. त्या म्हणाल्या, पोर इथेच राहील, मी बांध बघून येते. तुम्हाला हे पत्र मिळेल तेव्हा त्या तिथे असतील. त्यांच्यावर चिडू नका, एवढे धाकट्याचे ऐका.

मच्छिंद्र

मु. डोहेगाव
ज्येष्ठ वद्य ५, शके १८५५

चि. मच्छिंद्रास आशीर्वाद.

तुझी वहिनी आली. गाडीतून उतरली ती घरात गेलीच नाही. बांधावरून चालली, टोकाला गेली, परत आली. मग शिडी लावून माळवदावर चढली आणि खोऱ्याने माती खरवडून खाली लोटू लागली. मी अडवले तर माझ्याकडे पाहिलेही नाही. टोपली भरायची, बांधावर ओतायची, परत वर चढायचे. मग मीही टोपली उचलली. गाव उंबऱ्यात बसून बघत होते. एकाने तर बसायला घोंगडी टाकली होती, तमाशाला टाकतात तशी.

नंदाबाई आली आणि असं काय करून राह्यलीस, म्हणून तिला विचारू लागली. तेव्हा तुझी वहिनी पहिल्यांदा बोलली. म्हणाली की ठकीच्या अंगावर पडली ती आमची भिंत ह्याच मातीत हाय. कोणती टोपली आमच्या भिंतीची ते मला ओळखू येत न्हाई. पण ती माती डोक्यावर घेऊन मी निजणार न्हाई. पाण्याला आडवं पडून तिनं काय फेडायचं ते फेडावं.

मच्छिंद्र, मी तीन महिने त्या मातीवर मेंढरे फिरवली आणि माझ्या मनात हे आले नव्हते.

नंदाबाईची सासू तशीच गेली होती, भिंतीखाली. नंदाबाई घरी गेली आणि थोड्या वेळाने तिच्या माळवदावरून माती पडू लागली. पुंजाराम खाली उभा राहून तिला शिव्या देत होता आणि धूळ त्याच्या तोंडात जात होती. दिवस मावळेपर्यंत खालची आळी आणि वरचीही बरीचशी घरे उघडी झाली. काहींनी लाजेने केले, पुष्कळांनी भुताच्या भीतीने केले. मला त्यांचे कौतुक नाही. बांध पुन्हा डोक्याएवढा झाला, आणि या खेपेला रायभानच्या मेंढरांमागे बाया चालल्या.

कारभारी

मु. डोहेगाव
भाद्रपद वद्य १, शके १८५५

चि. मच्छिंद्रास आणि घरातल्या सर्वांस आशीर्वाद.

पूर येऊन गेला. गंगा ओढ्यातून उलटी चढली आणि बांधाला टेकून दोन रात्री उभी राहिली. माथ्याच्या वीतभर खाली राहिली होती. आळीत थेंब आला नाही. आता काकासाहेब तहसिलीतल्या कारकुनाला सांगून राह्यले की बांध आपणच घातला, आणि पुंजारामच्या मते ही सारी मारुतीच्या उजव्या हाताची कृपा आहे. ऐकून घेतो आणि थुंकून येतो.

माळवदावर मात्र काळीच माती होती, ती फाटली. सारे घर गळत होते. चूल विझली, वाकळ भिजली. भांडी ठेवायला जागा उरली नाही, तेव्हा आम्ही दोघे बाजेवर एका घोंगडीखाली बसून राहिलो. तुझी वहिनी मधूनमधून उठून दाराशी जायची, पायऱ्या उतरून जोत्याखालची जमीन हाताने चाचपायची आणि परत येऊन बसायची. दुसऱ्या पहाटे ती उठली नाही. मला वाटले आजारी पडली. बघतो तर डोक्यावर पाणी ठिबकते आहे आणि ती गाढ झोपली आहे, पाय खाली जमिनीवर सोडून.

जागी झाली तशी म्हणाली, भावजींना लिहा, पोराला जल्दी पाठवा म्हणावं.

कारभारी