भूकंपाआधी हितं काय होतं?

अप्पा,

ज्या सकाळी आई उठली नाही, तिच्या आदल्या संध्याकाळीही तुम्ही दोघं फिरायला गेला होता. प्रत्येक शिकवणी क्लासच्या पाटीपुढं थांबून ती विचारायची, "भूकंपाआधी हितं काय होतं, सांगा." चुकलात की म्हणायची, "नापास! उद्या परत चालत यायचं." पाय चालले की डोकं चालतं, हे तिचंच म्हणणं.

त्यानंतर तुम्ही खुर्ची सोडली नाही. काल आईचं नाव घेऊन विचारलंत, "नीलम्मा आली का?" मी "येईल" म्हणाले.

बूट दाराशी ठेवलेत. शाळेत शिकवून आले की निघू. प्रश्न मी विचारीन. पण भूकंपात मी पाळण्यात होते, उत्तर बरोबर की चूक ते मला कळणार नाही.

आई गेली, अप्पा. ती येणार नाही. मला तुम्ही हवे आहात.

स्वप्नाली